न लागलेल्या ठोशांची मोजणी

फ्लॉइड मेवेदर व्यावसायिक रिंगणात ५० लढती खेळला आणि पन्नासच्या पन्नास जिंकला. तरी सार्वकालिक श्रेष्ठ मुष्टियोद्ध्यांची नावं घ्यायला बसलं की त्याच्या नावाशी गाडी अडते. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत बॉक्सिंग मन लावून बघणारी माणसं कबड्डी-क्रिकेटवाल्यांच्या मानाने मूठभर. पण जी आहेत ती चांगली कडवी आहेत, आणि त्यांच्यात हा वाद निघाला की आक्षेप ठरलेला असतो: तो लढत नाही, पळतो. "मारूचा नाय होता तर रिंगणात उतरलो कित्याक?" हा सवाल मी कुडाळात ऐकलाय, कणकवलीत ऐकलाय, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. ठोसे मारण्याच्या खेळात ठोसे चुकवणाऱ्याला पहिल्या पंगतीत बसवायचं का?

बसवायचं. आणि मेहेरबानी म्हणून नव्हे, त्याच्या हक्काने. आपल्या याद्या चुकतात याचं कारण असं की आपण लागलेले ठोसे मोजतो. जे लागले नाहीत, आणि जे समोरच्याने लागू दिले नाहीत, त्यांची नोंद आपल्या डोक्यात होतच नाही. ती करायला लागलो, तर यादीतली काही नावं वर सरकतील आणि एकदोन खालीही येतील.

मेवेदर आणि मॅनी पॅकियाओ यांची लढतच बघू. २ मे २०१५, लास व्हेगास. आपल्याकडे तेव्हा ३ तारखेची रविवार सकाळ होती. एवढा गाजावाजा होऊन शेवटी काहीच झालं नाही, अशी तक्रार त्या दिवसापासून आजवर चालू आहे. आता त्या रात्रीचे आकडे पाहा. पॅकियाओने ४२९ ठोसे फेकले, त्यातले ८१ लागले. मेवेदरने ४३५ फेकले आणि १४८ लावले. म्हणजे ज्याला आपण पळपुटा म्हणतो त्याने समोरच्यापेक्षा सहा ठोसे जास्तच फेकले होते आणि जवळजवळ दुप्पट लावले होते. आणि समोर कोण होता? आठ वजनी गटांत जगज्जेता झालेला माणूस, ज्याचे हात कुठून येतात हे भल्याभल्यांना कळलं नाही. त्याच्या दर पाच ठोशांतले चार हवेत गेले. बारा फेऱ्या, छत्तीस मिनिटं, ही गोष्ट सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडत होती, आणि "काहीच झालं नाही" असं म्हणून लोक उठले.

ते चार ठोसे हवेत कसे गेले हे सांगायला हवं, कारण ते आपोआप जात नाहीत. मेवेदर डावा हात पोटावर आडवा ठेवतो, उजवा पंजा जबड्यापाशी, आणि डावा खांदा हनुवटीच्या पुढे उचलून धरतो. समोरच्याचा उजवा ठोसा आला की तो कंबरेतून थोडासा वळतो. ठोसा खांद्यावरून घसरतो, मारणाऱ्याचा तोल पुढे जातो, आणि त्या अर्ध्या क्षणात मेवेदरचा उजवा हात सरळ तोंडावर पोहोचतो. यात पळणं कुठे आहे? उलट हे सगळं हाताच्या टप्प्यात उभं राहूनच करावं लागतं. टप्प्याबाहेर गेलात तर ठोसा लागणार नाही हे खरं, पण तुमचा परतीचा ठोसाही मग पोहोचणार नाही. ठोसा येतोय हे दिसत असताना त्याच जागी थांबायचं आणि शेवटच्या क्षणी चार बोटं हलायचं, याला जी छाती लागते ती दोन्ही हात फिरवत पुढे घुसायला लागणाऱ्या छातीपेक्षा कमी नाही. माझ्या मते जास्तच.

हा वाद कोकणात व्हावा याचं मला विशेष वाटतं. बचाव बघायची नजर आपल्याकडे नाही असं कोणी म्हणू शकणार नाही. भातं कापून झाली, मळ्या मोकळ्या झाल्या की गावोगावी प्रकाशझोतातल्या कबड्डी स्पर्धा सुरू होतात. मैदानाला वेढा घालून बसलेली माणसं बघा. चढाईपटू मध्यरेषा ओलांडून आत येतो तेव्हा जाणत्यांचे डोळे त्याच्यावर नसतात, ते कोपऱ्यावर असतात. उजवा कोपरारक्षक एक पाय किंचित पुढे ठेवून उभा आहे. तो पाय विसरून पुढे राहिलेला नाही, तो आमिष म्हणून ठेवलाय. चढाईपटू बोनससाठी पाय लांबवतो, त्याचं वजन एका पायावर येतं, आणि त्याच क्षणी कोपरा खाली बसून घोटा धरतो. साखळीतले दोघं झाकायला धावतात. सगळं मैदान उठून उभं राहतं. तिथे कोणी म्हणत नाही की हा नुसता वाट बघत उभा होता, याने चढाई तरी कुठे केली. स्पर्धा संपल्यावर 'उत्कृष्ट चढाई' आणि 'उत्कृष्ट पकड' अशी दोन वेगळी पारितोषिकं दिली जातात, आणि पकडीचं पारितोषिक घेणाऱ्या पोराला टाळ्या कमी पडत नाहीत. व्यावसायिक कबड्डीनेही हे मान्य केलंय. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरलेले असताना चढाईपटू धरला तर प्रो कबड्डीत एक गुण जादा मिळतो. इराणचा फझल अत्राचली हा अस्सल कोपरारक्षक. २०१८ मध्ये त्याच्यावर यू मुंबाने एक कोटीची बोली लावली.

मग हीच माणसं बॉक्सिंग बघताना बचावाला भ्याडपणा का म्हणतात? मला वाटतं, नजर गुणफलकाच्या मागे जाते. कबड्डीत पकड झाली की गुण मिळतो, म्हणून पकड दिसते. बॉक्सिंगमध्ये चुकवलेल्या ठोशाला गुण नाही. व्यावसायिक लढतीचे परीक्षक फेरी ज्या चार गोष्टींवर देतात त्यात बचाव आहे: स्वच्छ ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगणावरची हुकमत आणि बचाव. कागदावर चौघांची नावं शेजारीशेजारी आहेत. प्रत्यक्षात पहिल्या दोहोंवर फेरी जाते आणि चौथा बहुतेक वेळा शोभेला राहतो. हौशी बॉक्सिंगने तर एकदा दुसरंच टोक गाठलं. १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये रॉय जोन्सने अंतिम लढतीत कोरियन प्रतिस्पर्ध्याला उघडउघड धुतलं आणि निकाल कोरियाच्या बाजूने गेला. त्या बदनामीनंतर, १९९२ पासून २०१२ पर्यंत, संगणकाची बटणं दाबून ठोसे मोजले गेले. त्यातून निघालं काय, तर हलका स्पर्श करून मागे सरकणारं एक नवंच बॉक्सिंग. त्यालाही लोक बचावात्मक म्हणू लागले, आणि बचाव म्हणजे कंटाळा हे समीकरण आणखी पक्कं झालं. दोष मोजण्याच्या पद्धतीचा होता. नाव बचावाचं खराब झालं.

कबड्डीचं उदाहरण दिलं की एक प्रतिप्रश्न येतो आणि तो रास्त आहे. कोपरारक्षक चढाईपटूला बाद करतो. हुलकावणी देणारा बॉक्सर समोरच्याचं काय बिघडवतो? हे समजून घ्यायचं असेल तर अर्जेंटिनाच्या निकोलिनो लोचेकडे वळावं लागेल. या माणसाने ११७ लढती जिंकल्या, आणि त्यातले नॉकआउट फक्त १४. त्याच्या हातात दम नव्हता हे त्याला आणि सगळ्या ब्युनॉस आयर्सला ठाऊक होतं. तिथे त्याला 'अस्पर्श' या अर्थाच्या टोपणनावाने ओळखत. डिसेंबर १९६८ मध्ये तो टोकियोला जाऊन पॉल फुजीशी लढला. फुजी जगज्जेता होता, जोरकस मारणारा होता, आणि लढत त्याच्या अंगणात होती. लोचे हात खाली सोडून दोराला टेकून उभा राही आणि नुसतं डोकं इकडून तिकडे नेत ठोसे घालवी, मध्येच जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, टोचून जाई. फेरीमागून फेरी फुजी हवेशी झगडत राहिला. दहाव्या फेरीची घंटा झाली तेव्हा तो स्टुलावरून उठलाच नाही. त्याचा चेहरा सुजला होता, पण त्याच्याही आधी त्याची उमेद संपली होती. पूर्ण ताकदीने मारलेला आणि न लागलेला ठोसा मारणाऱ्याचं किती काढून घेतो, हे पोत्यावर सराव केलेल्यालाही कळणार नाही. पोतं जागेवरून हलत नाही. लागलेला ठोसा कुठेतरी थांबतो. चुकलेला खांद्याला, कंबरेला ओढत नेतो, आणि तो तोल सावरण्यात जी शक्ती जाते ती परत येत नाही.

लोचेबद्दल आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ब्युनॉस आयर्सचं लुना पार्क स्टेडियम त्याच्या लढतींना तुडुंब भरत असे. लोक त्याला चुकवताना बघायला पैसे देऊन येत. तेव्हा प्रेक्षकांना बचाव आवडत नाही हा काही निसर्गाचा नियम नाही. ज्यांना कोणी दाखवून दिलं, त्यांना तो आवडला.

आणि मग विली पेप. माझ्या यादीत तो पहिल्या पाचात आहे आणि तिथून त्याला कोणी हलवू शकलेलं नाही. १९४२ मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी तो फेदरवेट गटाचा विजेता झाला. पहिल्या ६२ लढती तो सलग जिंकला, १९४३ मध्ये सॅमी अँगॉटकडून एक हरला, आणि त्यानंतर आणखी ७३ लढतींत अपराजित राहिला. मध्ये जानेवारी १९४७ मध्ये तो बसला होता ते विमान कोसळलं. तो जबर जखमी झाला, आणि त्याच वर्षी पुन्हा रिंगणात उतरला. त्याने ठोसा न मारता एक फेरी जिंकली होती अशी एक गोष्ट बॉक्सिंगच्या जगात फिरते. ती दंतकथा असावी, तिच्यावर मी काही उभं करणार नाही. त्याची गरजही नाही, कारण त्याची खरी गोष्ट तिच्याहून मोठी आहे.

ऑक्टोबर १९४८ मध्ये सँडी सॅडलरने त्याला चौथ्या फेरीत झोपवलं. सॅडलर उंच, लांब हातांचा. कारकिर्दीत त्याने शंभराहून जास्त जणांना नॉकआउट केलं. चारच महिन्यांनी, फेब्रुवारी १९४९ मध्ये, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पेप पुन्हा त्याच्यासमोर उभा राहिला. ज्या हाताने आपल्याला आडवं केलं तोच हात पुन्हा येणार, हे पक्कं ठाऊक असताना. पंधरा फेऱ्या तो सॅडलरच्या टप्प्यात आत-बाहेर करत राहिला. तिरकं पाऊल टाकून त्याच्या पाठीमागे जायचं, तो वळेपर्यंत दोन-तीन जॅब लावायचे, तो मारायला येईतो तिथून निघायचं. चेहरा फाटला, रक्त आलं, तरी पाय थांबले नाहीत, आणि किताब परत घेऊनच तो उतरला. पुढे १९५० आणि १९५१ मध्ये सॅडलरने त्याला पुन्हा हरवलं. चारपैकी तीन लढती सॅडलरच्या, हे लपवण्यात अर्थ नाही. पण आक्रमकाने आधी हरवलेल्या बचावपटूने त्याच आक्रमकाला पंधरा फेऱ्या निष्प्रभ करणं, याला मी बॉक्सिंगमधल्या सर्वोच्च कामगिऱ्यांपैकी एक मानतो. तसल्या रात्री गाजवणारा माणूस श्रेष्ठ नाही, तर मग श्रेष्ठ कोणाला म्हणायचं?

बचावाला भ्याडपणा म्हणायची सवय कुठून आली याचाही थोडा माग घ्यायला हवा, कारण ती नेहमी निरागस नव्हती. १८९२ मध्ये जिम कॉर्बेटने न्यू ऑर्लिन्सला बलदंड जॉन सलिव्हनला एकवीस फेऱ्यांत हरवलं, ते त्याला नाचवत, दमवत, चुकवत. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी कॉर्बेटला बुद्धिमान म्हटलं, शास्त्रशुद्ध बॉक्सिंगचा जनक ठरवलं. सोळा वर्षांनी, २६ डिसेंबर १९०८ रोजी, सिडनीत जॅक जॉन्सन हेवीवेटचा पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता झाला. त्याचीही रीत तीच: थांबायचं, येणारे ठोसे उघड्या पंजाने झेलायचे, समोरच्याचे दंड दाबून धरायचे, आणि तो चुकला की मारायचं. त्याच रीतीला गोऱ्यांची वर्तमानपत्रं आता कपटी आणि भेकड म्हणू लागली. खेळाची पद्धत बदलली नव्हती, फक्त चामडीचा रंग बदलला होता. आज आपण इथे बसून 'पळपुटा' म्हणतो तेव्हा हा इतिहास आपल्या मनात नसतो, हे मला मान्य आहे. पण शब्द तिथूनच वाहत आलाय.

पर्नेल व्हिटेकरच्या बाबतीत तर मोजणी न करण्याची किंमत थेट निकालात दिसली. १९८४ चा ऑलिंपिक सुवर्णविजेता, डावखुरा, पुढे चार वजनी गटांत जगज्जेता. तो इतका खाली बसून चुकवायचा की ठोसा त्याच्या केसांवरून जाई आणि तो समोरच्याच्या कमरेपाशी असे. १० सप्टेंबर १९९३ रोजी टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोला तो मेक्सिकोच्या हुलिओ सेझार चावेझविरुद्ध उतरला. चावेझ ८७ लढतींत अपराजित होता. स्टेडियममध्ये साठ हजारांच्या आसपास लोक, बहुतेक सगळे चावेझचे. चावेझची ताकद जवळ येऊन बरगड्यांवर मारण्यात. व्हिटेकर तिथून पळाला नाही; उत्तरार्धात तोच जवळ गेला आणि चावेझला त्याच्याच खेळात मागे टाकलं. चावेझ मारत होता, पण त्याचे ठोसे व्हिटेकरच्या हातांवर, खांद्यांवर आणि हवेत जात होते. दोन परीक्षकांनी ११५-११५ अशी बरोबरी दिली, तिसऱ्याने व्हिटेकरला दोन गुणांनी पुढे ठेवलं. लढत बरोबरीत सुटली. रिंगणाशेजारी बसलेल्या बहुतेक पत्रकारांच्या वहीत व्हिटेकर सरळ जिंकला होता. पुढे येणारा माणूस जिंकतोय असं वाटतं, मग त्याचे हात कुठेही पोहोचत नसले तरी. हा भास प्रेक्षकाला झाला तर एक वेळ समजू शकतो. परीक्षकाला तो होऊ नये, आणि पन्नास वर्षांनी यादी करणाऱ्यालाही होऊ नये.

इथवर मी बचावाची बाजू मांडली, पण बचावाच्या नावावर जे जे चालतं ते सगळं पदरात घ्यायला मी तयार नाही. क्रिकेटमधलं एक उदाहरण घेतो. ७ जून १९७५ रोजी पहिल्या विश्वचषकात लॉर्ड्सवर इंग्लंडने ६० षटकांत ३३४ धावा केल्या, आणि सुनील गावसकर पूर्ण षटकं खेळून १७४ चेंडूंत नाबाद ३६ वर परतले. चारच वर्षांनी ओव्हलवर ४३८ धावांचा पाठलाग करताना त्याच गावसकरांनी २२१ काढल्या, आणि भारत विजयापासून नऊ धावांवर राहिला. माणूस तोच, तंत्र तेच. एका ठिकाणी बचाव नुसता टिकून राहिला, दुसऱ्या ठिकाणी त्याने सामना ओढून आणला. बॉक्सिंगमध्येही ही दोन्ही रूपं आहेत. व्लादिमिर क्लिट्श्कोने अनेक वर्षं हेवीवेटवर राज्य केलं, पण त्याची कित्येक फेऱ्यांतली रीत अशी: जॅब मारायचा, समोरचा जवळ आला की त्याला मिठी मारून अंगावर रेलायचं, रेफरीने सोडवलं की पुन्हा तेच. २०१३ मध्ये पोवेत्किनविरुद्ध हे बघताना डोळे शिणले. मिठी मारणं म्हणजे खेळ थांबवणं. त्यात ठोसा चुकत नाही, तो मारूच दिला जात नाही. म्हणून क्लिट्श्कोला मी मोठा विजेता म्हणेन, बचावाचा मोठा कलावंत म्हणणार नाही.

टप्प्यात उभा राहून चुकवतो का, चुकवल्यावर वसूल करतो का, आणि हे त्या काळातल्या सगळ्यात धोकादायक माणसांपुढे, ते ऐन भरात असताना करतो का, एवढंच मला बघायचं असतं. या शेवटच्या प्रश्नावर मेवेदर माझ्या यादीत पेपच्या आणि व्हिटेकरच्याही खाली जातो. पॅकियाओशी लढत २००९-१० मध्येच व्हायला हवी होती. ती २०१५ मध्ये झाली तेव्हा दोघांचीही वयं पस्तिशीच्या पुढे होती, आणि त्याआधी पॅकियाओ एकदा बेशुद्ध होऊन पडलेलाही होता. कोण कधी समोर येईल हे ठरवण्यात मेवेदरने फार काळजी घेतली. ही त्रुटी गंभीर आहे. पण ती त्याने निवडलेल्या वेळेची त्रुटी आहे, खांदा वळवून ठोसा घालवण्याची नाही. लोक पहिलीबद्दल बोलायचं सोडून दुसरीबद्दल बोलतात.

ज्यांना आपण निखालस आक्रमक म्हणून डोक्यावर घेतो त्यांच्याकडेही नीट बघा. रॉबर्टो दुरानला दगडी हातांचा म्हणतात, पण १९८० मध्ये मॉन्ट्रियलला शुगर रे लेनर्डविरुद्धच्या पंधरा फेऱ्या पाहा. छातीला छाती लावून उभा असताना तो डोकं किती कमी हलवून किती ठोसे घालवतो. माईक टायसनची भीती वाटायची ती त्याच्या हूकची, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेल्या ठोशाची. तो हूक लागायचा कारण टायसन त्याआधी तीन ठोशांखालून, डावी-उजवीकडे झुलत आत शिरलेला असे. ते झुलणं कस डीॲमाटो आणि केव्हिन रूनी या त्याच्या प्रशिक्षकांनी त्याच्या अंगात मुरवलं होतं. १९८८ मध्ये टायसनने रूनीला काढलं, डोकं हलणं हळूहळू थांबलं, आणि फेब्रुवारी १९९० मध्ये टोकियोत बस्टर डग्लसचे सरळ ठोसे त्याला एकामागून एक लागत गेले. हातांतला जोर तर तेव्हाही होताच. आपली मेरी कोम बघा. तिची सहा जागतिक सुवर्णपदकं आत शिरून मारण्याची जेवढी, तेवढीच उत्तर येण्याआधी बाहेर पडण्याची आहेत.

आता जे बोलायचं आहे ते मला सगळ्यात जिवाचं वाटतं. डोक्यावर ठोसे खात राहिलेल्या बॉक्सरांच्या चालण्या-बोलण्यात काय बिघाड होतो, हे हॅरिसन मार्टलंड या डॉक्टरने १९२८ मध्येच अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं आपल्याला ठाऊक आहे. नोव्हेंबर १९८२ मध्ये कोरियाचा किम डूक-कू रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीपर्यंत मागे न हटता लढला, कोसळला आणि काही दिवसांत गेला. तेव्हा कुठे पंधराच्या बारा फेऱ्या झाल्या. मुहम्मद अलीचं तर सगळ्यांना माहीत आहे. साठच्या दशकातला अली पायांवर जगायचा. त्याला ठोसा लावणं म्हणजे वाऱ्याला धरणं होतं. बंदीची साडेतीन वर्षं गेली, पाय मंदावले, आणि मग तो सहन करून जिंकू लागला. १९७४ मध्ये किन्शासाला दोराला टेकून त्याने फोरमनचे ठोसे हातांवर, कुशीत, पोटात घेतले आणि आठव्या फेरीत त्याला पाडलं. १९७५ मध्ये मनिलात फ्रेझरबरोबर चौदा फेऱ्या. १९८० मध्ये होम्सकडून एकतर्फी मार. १९८४ मध्ये पार्किन्सनचं निदान. त्या आजाराचं कारण ठोसेच, असं छातीठोकपणे कोणी सांगू नये. पण आपण किन्शासा आणि मनिलाच्या गोष्टी ज्या अभिमानाने सांगतो, आणि १९६६ च्या अलीला न लागलेल्या ठोशांबद्दल जेवढं कमी बोलतो, ते मला खुपतं.

बचाव हे कवच नव्हे, हेही खरं. विल्फ्रेड बेनिटेझ सतराव्या वर्षी जगज्जेता झाला, ठोसा येण्याआधीच त्याला कळतो अशी त्याची ख्याती होती. पण प्रतिक्षिप्त हालचाली मंदावल्यावरही तो लढत राहिला आणि मेंदूच्या विकाराने परावलंबी झाला. खुद्द पेपची शेवटची वर्षं स्मृतिभ्रंशात गेली. त्याच्या नावावर २४० हून जास्त लढती होत्या. कला शाबूत असेपर्यंत राखते, त्यापुढे नाही. म्हणूनच ती शाबूत असताना तिची कदर व्हायला हवी. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली की बचावपटू आपली रीत सोडून समोरासमोर ठोशाला ठोसा द्यायला लागतो, आणि आपल्या टाळ्यांची किंमत त्याचं डोकं मोजतं.

जगातल्या मोठ्या नावांचं कुठलं स्थान, हा प्रश्न कोकणातल्या माणसाने इतका का धरून बसावा? कारण इथली पोरं आता बॉक्सिंग शिकू लागली आहेत. तालुक्याच्या ठिकाणी वर्ग निघालेत, शालेय स्पर्धा होतात, आणि पोरांच्या मोबाइलवर जे येतं ते वीस-तीस सेकंदांचे नॉकआउट. पेपच्या पंधरा फेऱ्या वीस सेकंदांत बसत नाहीत. चौदा वर्षांचा मुलगा वर्गात येतो तेव्हा त्याला हूक शिकायचा असतो, पाय शिकायचे नसतात. स्पर्धेत बाजूला उभे असलेले मोठे लोकही "हाण, हाण" एवढंच ओरडतात. पोराने दोन पावलं मागे घेऊन समोरच्याला चुकवलं की "घाबरलो रे" असा आवाज येतो, आणि पुढच्या वेळी तो मागे घेत नाही. हेडगार्ड आहे ना, असं पालक म्हणतात. हेडगार्ड भुवई फाटणं रोखतो. कवटीच्या आत मेंदू हलणं तो थांबवू शकत नाही. ते थांबवण्याचा एकच चांगला उपाय आहे, आणि तो म्हणजे ठोसा न लागणं.

कबड्डीत आपण जे कधीच करून बसलोय ते बॉक्सिंगमध्ये करायला अडचण कसली? जिल्ह्यातल्या आणि तालुक्यातल्या स्पर्धांत, निदान लहान गटांत, 'उत्कृष्ट बचाव' असं स्वतंत्र पारितोषिक ठेवावं. त्यासाठी रिंगणाशेजारी एक जाणता माणूस बसवावा, लढलेला असेल तर उत्तम, आणि त्याने फक्त एवढंच टिपावं: टप्प्यात राहून कोणी किती ठोसे घालवले आणि त्यातल्या किती वेळा लगेच उत्तर दिलं. नुसतं मागे मागे सरकणाऱ्याला आणि मिठ्या मारणाऱ्याला यात काही मिळू नये. रक्कम सर्वोत्कृष्ट बॉक्सरच्या बरोबरीची असावी, कमी नको, कारण पोरं रक्कम बघतात. निकाल सांगताना आकडा मोठ्याने वाचून दाखवावा, की या मुलीने तीन फेऱ्यांत एवढे ठोसे हवेत घालवले. मंडळांना खर्च एका चषकाचा आहे. येत्या हंगामाच्या पत्रिका अजून छापायच्या आहेत, तेव्हा हे पारितोषिक यंदाच घालता येईल.